ताजा उकीर, रिकामं बीळ

शिवारराखण : लेखांक ९

वैशाखात शिवार उघडं पडतं. भाताची खाचरं तडकतात, कडबा गंजीला लागलेला असतो, हरभरा आणि गहू घरात येऊन पडलेला असतो. वर्षभर गवताखाली झाकलेले बांध मोकळे होतात आणि त्यांच्या पोटातली भोकं दिसू लागतात. मागच्या भागात पावसाआधीच्या बांधबंदिस्तीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती. बांध घालून महिना होत नाही तोच उंदीर-घुशी तो पोखरतात, आणि पहिल्या जोरदार पावसात खाचरातलं पाणी त्या भोकांतून खालच्या शेतात उतरतं. पाण्याबरोबर टाकलेलं खतही जातं. कुणाच्या शेतघराच्या जोत्याखालची माती खचली आहे, कुणाच्या विहिरीच्या काठाला भगदाड पडलं आहे. म्हणून ठरवलेला विषय बाजूला ठेवून हा भाग बिळांसाठी देतो.

उंदरांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "औषध कुठलं चांगलं?" औषधाचं पुढे सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी. रिकामं झालेलं बीळ रिकामं राहत नाही. आयतं खणलेलं घर, आत दोन-तीन वाटा, जवळच खाणं. शेजारच्या बांधावरचा उंदीर काही दिवसांतच तिथे राहायला येतो. तुम्ही तुमच्या पाच एकरांतले सगळे उंदीर मारले आणि चहूबाजूंचं शिवार तसंच राहिलं, तर पोळ्यापर्यंत तुमची बिळं पुन्हा भरलेली असतील. म्हणून किती मारले याला फार अर्थ नाही. कधी मारले आणि किती जणांनी मिळून मारले, यावर सगळं अवलंबून आहे.

बिळं करणारे सगळे उंदीर एका जातीचे नसतात, आणि जात ओळखल्याशिवाय इलाज लागू पडत नाही. बांध फोडण्यात सर्वांत पुढे छोटी घूस. अंगाने जाड, तोंड आखूड, केस राठ आणि काळपट तपकिरी, शेपूट अंगापेक्षा थोडी आखूड, वजन पाव किलोच्या आसपास. हिला ओल लागते. भाताची खाचरं, उसाचे फड, पाटाचे काठ ही हिची जागा. उत्तम पोहते, त्यामुळे बिळात पाणी शिरलं की बुडून मरेल हा समज सोडावा. तिच्याच कुळातली मोठी घूस एक किलोच्या घरात जाते. ती गावठाणाची रहिवासी : उकिरडा, गोठ्याची गटार, जुन्या घराचं जोतं. जोत्याखालची माती खचते ती बहुतेक वेळा हिच्यामुळे.

देशावरच्या काळ्या जमिनीत वेगळंच बिऱ्हाड असतं. तिथला मऊ केसांचा, लहानखुरा, करड्या रंगाचा उंदीर स्वतः फारसं खणत नाही. रब्बीत जमीन भेगाळली की त्या भेगाच त्याचं घर होतात. ज्वारीची शेवटची कोळपणी भेगा बुजवण्यासाठी करायची असते हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवलं, ते ओल टिकावी म्हणून. त्याच कोळपणीने या उंदराचा आसराही मोडतो. कोळपणी चुकलेल्या शेतात दुष्काळी साली उंदीर जास्त दिसतात त्याचं एक कारण हे आहे. हलक्या मुरमाड रानात शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, उड्या मारत पळणारा आणखी एक उंदीर असतो. तो टोळीने राहतो आणि उघड्या माळावर बिळांची वसाहतच करतो. चिचुंद्री मात्र यातली नव्हे. लांब सोंडेसारखं तोंड आणि उग्र वास असलेला हा प्राणी मुख्यतः किडे खातो. ती दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आता बीळ वाचायचं कसं ते सांगतो. ही विद्या पुस्तकापेक्षा बांधावर उकिडवं बसून लवकर येते. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी उकीर असतो, म्हणजे तिने आतून उकरून बाहेर ढकललेली माती. उकीर ताजा असेल तर माती ओलसर, भुसभुशीत आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गडद दिसते. हातात घेतली तर चुरते. जुना उकीर वरून कडक झालेला असतो, त्यावर वाळकी पानं पडलेली असतात, कधी कोळ्याचं जाळं तोंडावर ताणलेलं असतं. नवखा माणूस उघडं तोंड दिसलं की तिथे उंदीर आहे असं धरून चालतो आणि मातीने बुजलेलं तोंड सोडून देतो. घुशीच्या बाबतीत पुष्कळदा उलटंच असतं. ती आत असताना आतून मातीचा बोळा लावून दार बंद करते. ताज्या मातीने बुजलेलं तोंड म्हणजे घरधनीण घरात आहे. कोकणात आणखी एक घोटाळा होतो. खाचराच्या बांधाला खेकड्यांचीही बिळं असतात. त्यांच्या तोंडाशी भुसभुशीत ढीग नसतो, चिखलाचे गोळे असतात, आणि बीळ पाण्याच्या दिशेने उतरतं. त्यात विष टाकून पैसे वाया घालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते खेकडे पुढे कुणाच्या तरी ताटात जातात हेही विसरू नये.

मोजणीची रीत सोपी आहे. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं पायाने किंवा फावड्याने माती ओढून बुजवायची. सकाळी फेरी मारायची. जी पुन्हा उघडली ती जिवंत. त्यांच्याजवळ काठी खोचायची किंवा चुन्याची चिमूट टाकायची. पुढचा सगळा खर्च आणि कष्ट फक्त त्या काठ्यांपाशी करायचे. ही एक रात्र ज्यांनी वाचवली ते बहुतेक विष ओसाड बिळांत ओतत राहतात.

बिळात हात कधीही घालू नये. सोडून दिलेल्या बिळांत नाग राहतो, घोणस राहते, आणि राहत्या बिळात ते उंदराच्या मागावर शिरतात. काठीने चाचपणी करताना आतून फुत्कार ऐकू आला तर तो घुशीचाही असू शकतो. ती चिडली की फुसफुसते. पण खात्री करून घेण्याच्या नादात पडू नये.

बीळ आतून कसं असतं ते मला रायगडच्या सुधागड भागात, भातकापणीनंतरच्या दिवसांत, नीट पाहायला मिळालं. एक कातकरी कुटुंब परवानगी घेऊन बांध खणत होतं. बरोबर पहार, कोयता आणि एक मडकं. मी पुढच्या तोंडाशी वाकलो तेव्हा म्हातारबाबांनी थांबवलं. "दादा, पुढून काय बघता? आधी मागचं दार धरा." मागचं दार दिसतच नव्हतं. त्यांनी गवतात पायाच्या अंगठ्याने एक जागा दाबली, आणि वरची बोटभर माती आत बसली. घूस पळून जायची वाट आधीच खणून ठेवते आणि वरचा पातळ थर तसाच राखते, म्हणजे वेळ आली की डोक्याने फोडून बाहेर पडता येतं. तिथे त्यांच्या सुनेने कोयता घेऊन बैठक मारली. मग मुख्य वाट उकलायला सुरुवात झाली. वाट बांधाच्या लांबीला समांतर गेली, तिला दोन फाटे फुटले, एक फाटा मध्येच बंद झाला. फूट-दीड फूट खोलीवर एक मोकळी जागा लागली, आत भाताचा पेंढा आणि गवताच्या काड्या दाताने चिरून केलेलं मऊ अंथरूण. त्याच्या पलीकडे, जरा वरच्या अंगाला, धान्याचं कोठार. लोंब्या नीट एका दिशेने रचलेल्या, दाणे शाबूत. बाबांनी ते सूपभर भात मडक्यात काढून घेतलं. हे धान्य धुऊन, कुटून खायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे, आणि उंदीरही त्यांच्या आहारात आहे.

कातकऱ्यांची नोंद सरकारदरबारी विशेष दुर्बळ आदिवासी गटात आहे. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर तेही त्या यादीत येतात. बिळाच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणता माणूस आपल्या गावांत दुसरा नाही. त्यांना दिवसाची रीतसर मजुरी द्यावी, बिळातलं धान्य त्यांचंच समजावं आणि खणलेला बांध त्याच दिवशी आपण दाबून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. "उंदीर खातात" म्हणून त्यांना हिणवणारी माणसं त्यांच्याच हातून आपलं शेत राखून घेतात, याची लाज वाटायला हवी. विष न वापरता घूस पकडायची ही पद्धत तमिळनाडूत इरुळा समाजाकडेही आहे. तिथे धुराचं मडकं वापरतात. मडक्यात धुमसता पेंढा, तळाला भोक. एका बाजूने फुंकायचं आणि धूर बिळात घालवायचा.

आता काळवेळ. छोट्या घुशीचा गर्भकाळ तीन आठवड्यांच्या जवळपास, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विण्याजोगी. पण ही गती वर्षभर सारखी नसते. ती पिकाबरोबर चढते-उतरते. भात पोटरीत आलं, निसवायला लागलं, दाण्यात दूध भरलं, की खाण्याची चंगळ होते आणि वेतांमागून वेतं सुरू होतात. कापणीच्या सुमारास उंदरांची संख्या सर्वांत जास्त असते. नेमकं तेव्हा आपल्याला नुकसान दिसतं : शेताच्या मधल्या भागात रोपं बुडाशी तिरकी छाटलेली, कडा मात्र हिरव्यागार, त्यामुळे बांधावरून कळतच नाही. आणि नेमकं तेव्हा आपण दुकानात धावतो. त्या वेळी शेतात इतकं ताजं खाणं असतं की आमिषाकडे उंदीर फिरकत नाही.

उलट वैशाख-ज्येष्ठात उंदरांची संख्या वर्षातली सर्वांत कमी असते, खायला काही नसतं, आडोसा नसतो, बिळं उघडी दिसतात. या दिवसांत मारलेली एक मादी म्हणजे दिवाळीपर्यंत न जन्मलेली सगळी पिढी. पाऊस सुरू झाल्यावर, भाताला फुटवे येईपर्यंत, दुसरी फेरी करता येते. पीक पोटरीत गेलं की मोहीम संपली असं समजावं. तिथून पुढे पिंजरे, घुबडं आणि खणणारे हात एवढाच आधार.

ऊसपट्ट्यात हे वेळापत्रक बिघडतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. आजूबाजूची सगळी पिकं निघून गेली तरी घुशीला सावली, ओल आणि गोड कांडी मिळत राहते. तोड सुरू झाली की फडातून निघालेले उंदीर शेजारच्या गहू-हरभऱ्यात शिरतात, आणि हरभरेवाल्याला वाटतं एका रात्रीत कुठून आले. पडलेला ऊस आणि बुडाचं पाचट हा त्यांचा खरा आसरा. ऊस लोळू नये म्हणून मोठी बांधणी वेळेवर करणं हे उत्पन्नासाठी जेवढं गरजेचं, तेवढंच उंदरांसाठी. ज्या गावात ऊस आहे तिथे मोहीम तोड संपल्यावर, खोडव्याची फूट गुडघ्याएवढी होण्याआधी घ्यावी.

बांधाचाही विचार याच वेळी करायला हवा. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा सल्ला असा आहे की खाचराचा बांध एक फुटाहून रुंद आणि एक फुटाहून उंच ठेवू नये. अरुंद बांधात घुशीला दोन वाटा आणि एक खोली मावत नाही. आपल्याकडे बांध हा जाण्यायेण्याचा रस्ता असतो, त्यावर तूर-तीळ लावतात, सीमेचे दगड असतात. सगळे बांध बारीक करा असं सांगणं शहाणपणाचं नाही. पण एकाच मालकाच्या खाचरांमधले आतले बांध बारीक करायला कुणाची हरकत नसते, आणि दोन शेतांमधलं बिनकामाचं झुडूप काढायलाही नसते. गिरिपुष्पाला काही भागांत लोक उंदीरमारी म्हणतात आणि बांधावर लावलं की उंदीर येत नाहीत असं समजतात. हिरवळीच्या खतासाठी ते जरूर लावा. उंदरावरचा इलाज म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

अवघड काम मिळून करण्याचं आहे. आग्नेय आशियातल्या भातशेतीत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की एका खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी लावण्या दोन आठवड्यांच्या आत उरकल्या तर उंदरांचा विणीचा हंगाम आखूड राहतो. कुणी आज, कुणी महिन्याने लावलं तर उंदराला पोटरीतलं भात या शेतातून त्या शेतात असं तीन महिने मिळत राहतं. आपल्याकडे लावणी पावसावर आणि मजुरांवर ठरते हे मान्य. तरी बिळं बुजवायची संध्याकाळ सगळ्या आळीने एकच ठरवली, तर त्याला पैसा लागत नाही. शेतांइतकाच महत्त्वाचा भाग कुणाच्याच मालकीचा नसतो : गायरान, ओढ्याचा काठ, पाटाची बाजू, रस्त्याकडेचा भराव. तिथली बिळं कुणी बुजवत नाही आणि पुढच्या सालचं बी तिथेच राहतं. हे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावं, ग्रामसभेत तारीख ठरवावी आणि कृषी सहायकाला बोलवावं. ज्या शेतघराचे मालक पुण्या-मुंबईला राहतात आणि प्लॉटवर कंबरभर गवत उभं असतं, त्यांनाही निरोप जायला हवा. बंद पडलेला एक प्लॉट सगळ्या वाडीचे कष्ट फुकट घालवतो.

आता औषधाचं. जिवंत बिळांत आधी दोन-तीन दिवस साधं आमिष द्यावं : भरडलेली ज्वारी, गहू किंवा तांदूळ, थोडं खाद्यतेल चोळून. उंदराला नव्या वस्तूचा संशय येतो. खाऊन काही झालं नाही हे कळलं की तो चटावतो. मग झिंक फॉस्फाईडचं आमिष. शिफारस अशी आहे : धान्य ९६० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम; काठीने कालवायचं, हातमोजे घालून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. कागदाच्या पुडीत दहाएक ग्रॅम बांधून पुडी बिळात आतवर सरकवायची आणि तोंड सैल मातीने झाकायचं. बाहेर एक दाणाही सांडू नये. मोर, तितर, होले, शेळ्या, गावातली कुत्री, कुणीही तो उचलेल. हे विष पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू तयार करतं आणि त्यावर उतारा नाही. पाऊस येण्याच्या लक्षणांत ते वापरू नये.

झिंक फॉस्फाईड एका हंगामात एकदाच. अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर त्या चवीला पुढे बरेच दिवस तोंड लावत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळं बुजवून मोजणी करायची, आणि जी उरली असतील त्यांत ब्रोमॅडिओलोन वापरायचं. ०.२५ टक्क्याचं मिळतं ते २० ग्रॅम, धान्य ९६०, तेल २०. म्हणजे आमिषात विषाचं प्रमाण ०.००५ टक्के होतं. प्रत्येक बिळाला साधारण १५ ग्रॅम. हे रक्त गोठू देत नाही, परिणामाला बरेच दिवस लागतात, त्यामुळे उंदराला कशाने झालं हे कळत नाही. चुकून माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेलं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, डॉक्टरकडे डबी घेऊन जावं. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. ते खाऊन घुबड, मांजर, कुत्रं मरू शकतं. जिथे विष टाकलं आहे तिथले उंदीर कातकरी पकडून नेऊ नयेत म्हणून तशी खबर त्यांना आधी, तोंडी, नक्की द्यावी. ही कुठल्याही डबीवर लिहिलेली नसलेली जबाबदारी आपली आहे.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांबद्दल एकच सांगतो : त्या सामान्य माणसाने विकत घ्यायच्या नाहीत. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनाच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या वापरायची मुभा आहे. गावच्या दुकानात सुट्ट्या मिळत असतील तर ते बेकायदा आहे. त्या गोळ्यांनी आपल्या खेड्यांत किती घरं बसवली हे प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाला माहीत आहे. घराजवळच्या बिळात तर त्या टाकूच नयेत, वायू जोत्यातून खोलीत येतो. आणि बांधावर विजेचा प्रवाह सोडलेली तार लावणं हा गुन्हा आहे. रात्री पाणी धरायला गेलेला माणूस त्याच बांधावरून चालतो.

गव्हाणी घुबडावर मात्र कितीही लिहावं तेवढं थोडं. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचं हे घुबड जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, विहिरीच्या कपारीत राहतं आणि अंधारात नुसत्या आवाजावरून उंदीर टिपतं. मलेशियात पामच्या बागांमध्ये या घुबडासाठी पेट्या टांगण्याची पद्धत कित्येक वर्षं चालू आहे. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकात बेतशेआन खोऱ्यातल्या एका किबुत्झने अशाच पेट्या लावायला सुरुवात केली, पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाईनचे शेतकरीही त्यात आले. आपल्याकडे त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतात, दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी त्याचा चोरटा व्यापार होतो. जुनं घर पाडताना माळ्यावर घुबडाची पिल्लं असतील तर काम महिना-दीड महिना थांबवावं. शेतात आठ-दहा फूट उंचीचे, इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे उभे करावेत. आडवी काठी सहज पकडता येईल एवढी जाड हवी. पण थांबे आणि ब्रोमॅडिओलोन एकाच वेळी नको. विष मे महिन्यात उरकावं आणि पीक वाढू लागलं की थांबे उभारावेत.

धामणीचं तेच. ती बिनविषारी आहे, बिळात शिरून पिल्लांसकट खाते, आणि लांबलचक दिसते म्हणून सर्वांत जास्त मारली जाते. नागपंचमीला आपण जमीन खणत नाही, भाजी चिरत नाही. उरलेल्या दिवसांतही धामणीला एवढी मुभा द्यावी.

घराभोवतीचं थोडक्यात. जोत्यालगत हातभर रुंदीचा खडीचा पट्टा ठेवावा, त्यावर गवत येऊ देऊ नये. मोठी घूस उघड्या खडीवरून जायला कचरते. जोतं पुन्हा पुन्हा पोखरलं जात असेल तर बारीक जाळी दीड-दोन फूट खोल गाडून खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवावं. खणत आलेली घूस जाळीशी अडते. कडब्याची गंजी जमिनीवर न रचता दगडांवर फळ्या टाकून रचावी. पत्र्याची कोठी भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. अर्ध्या इंचाची फट उंदराला पुरते, म्हणून दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवून काही हाती लागत नाही. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, पिंजरा तिथे लावावा, आत सुकट किंवा तळलेलं भजं.

आजाराचं मात्र थोडक्यात आटपता येत नाही. कोकणात लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. उंदराच्या मुतातले जंतू खाचराच्या पाण्यात उतरतात आणि लावणी करणाऱ्याच्या पायाच्या चिरांतून अंगात जातात. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं ही लक्षणं दिसली तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. लावणीच्या हंगामात आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं, त्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात, खिशात ठेवू नयेत. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली, ती उंदरांच्या अंगावर आणि गवतात राहणाऱ्या बारीक माइट्समुळे.

आणि प्लेग. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरं सोडली, आत धान्य तसंच राहिलं, आणि उंदरांची संख्या वाढली, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. त्या वेळी आधी उंदीर पडू लागले आणि पिसवा अंगावर येऊ लागल्या, मग माणसं आजारी पडली. म्हणून हे पाठ असू द्यावं : विष न टाकता उंदीर पटापट मरून पडू लागले, तर ते हाताळू नयेत, आणि आनंद तर मुळीच मानू नये. आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावं. अशा वेळी घाईने उरलेले उंदीरही मारले तर पिसवा मेलेलं अंग सोडून माणसाकडे वळतात. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा.

पहिला पाऊस झाला की एकदा बांधावरून फिरून यावं. बुजवलेल्या बिळांची माती पावसाने खाली बसते आणि खड्डे दिसतात. तिथे ओली माती टाकून पायाने चोपून घ्यावी. रिकामी वाटही मोडायला हवी, नाहीतर पाणी आणि नवा उंदीर दोघेही तीच वाट धरतील.

बऱ्याच पत्रांत साळिंदराचाही उल्लेख होता : रताळी, सुरण, नारळाची कोवळी रोपं एका रात्रीत उकरून गेली म्हणून. साळिंदरही कुरतडणाऱ्यांच्याच कुळातलं आणि बिळात राहणारं, पण वर सांगितलेलं काहीही त्याला लावायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याच्या बिळात धूर किंवा विष घालणं हा गुन्हा ठरतो. त्याच्यासाठी कुंपण, खंदक आणि पिकाची जागा यांचा वेगळा विचार करावा लागतो. तो पुढच्या आठवड्यात.